आडवाटेचे जर्मन बुर्ग (किल्ले), पाणकिल्ले आणि गढ्या : कुठे गेलात, काय पाहिलंत?

पायपीट

नमस्कार मंडळी. डॉर्टमुंडला येऊन सहा वर्षं झाली. भारतातून कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तो कॅलेंडरवरचा किल्ला कधी दाखवतोस?" तो म्हणजे नॉयश्वानश्टाईन. सुंदर आहे, नाही कोण म्हणतं! पण त्याचं बांधकाम सुरू झालं १८६९ मध्ये. तोवर बोरीबंदर-ठाणे आगगाडी धावू लागून सोळा वर्षं झाली होती. तिथे ना कधी वेढा पडला, ना कुणी तोफ डागली. बांधणारा राजा, दुसरा लुडविग, १८८६ मध्ये वारला आणि सात आठवड्यांत तिकीट लावून वास्तू लोकांना खुली झाली. किल्ल्याच्या वेशातला राजवाडाच तो. त्याच्याबद्दल जालावर ढिगाने लिहिलेलं आहे, तेव्हा या धाग्यात त्याला रजा.

मला बोलायचंय ते खेड्यापाड्यांतल्या वास्तूंबद्दल. सुरुवात माझ्या आवडत्या एल्ट्स किल्ल्यापासून करतो.

कोब्लेन्झहून मोझेल नदीकाठची पॅसेंजर पकडायची आणि मोझेलकेर्नला उतरायचं. स्टेशन कसलं, एक फलाट आणि एक पाटी. गाव ओलांडलं की ओढ्याच्या कडेने रानातली पायवाट लागते. रमतगमत दीड तास. कान्याकोपऱ्यांतून ओढा सोबत करतो, मध्येच लाकडी साकव येतो. शेवटी चढ आणि पायऱ्या, आणि मग झाडी एकदम बाजूला होते. समोर खडकावर घरंच घरं एकमेकांच्या खांद्यावर चढून उभी असावीत तसा एल्ट्स. तीन बाजूंनी ओढा, काळ्या पाटीच्या दगडाची उतरती छपरं, वरच्या मजल्यांवर लाकडी चौकटींच्या भिंती. जुन्या ५०० मार्कांच्या नोटेवर हाच किल्ला होता.

आत गेल्यावर कळतं की हा एक किल्लाच नाही. घराण्याच्या तीन शाखा, तिन्हींची घरं वेगळी, अंगण मात्र एक. जर्मनमध्ये अशा सामाईक वारसांच्या किल्ल्याला गानएर्बनबुर्ग म्हणतात. मी मनातल्या मनात 'भाऊबंदकीचा किल्ला' असं भाषांतर करून टाकलं. खडकावर आडवी जागा नाही, मग ज्याने त्याने आपलं घर उभं वाढवत नेलं. सगळा किल्ला एका मालकाकडे यायला १८१५ उजाडलं. आजही तो त्याच घराण्याकडे आहे, तेहतिसाव्याच्या वरची पिढी चालू आहे.

दरबारी दालनात वर बघायला विसरू नका. भिंतीवर विदूषकाची तोंडं कोरली आहेत, त्यांचा अर्थ, इथे मनातलं बोलायला मोकळीक आहे. आणि दारावर गुलाबाचं फूल आहे, त्याचा अर्थ, इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. तीन भावकींना एका दालनात बसवायचं तर दोन्हीची गरज पडणारच!

तुम्हीही लिहा. प्रसिद्ध नसलेलं असेल तर आणखी उत्तम.

खुळा_फिरस्ता

मस्त धागा, वाचनखूण साठवली आहे. एल्ट्स टिकला कसा हे लिहायचं राहिलं. १६८९ च्या सुमारास फ्रेंच फौजांनी राईन-मोझेलचा पट्टा बेचिराख केला, किल्ले सुरुंग लावून उडवले. तेव्हा एल्ट्स घराण्यातलाच एक जण फ्रेंच सैन्यात अधिकारी होता. त्याने पाडायच्या यादीतून किल्ल्याचं नाव काढायला लावलं. वशिला म्हणा हवं तर.

त्याआधी १३३१ ते १३३६ ट्रियरच्या आर्चबिशप बाल्डुइनने किल्ल्याशी वैर मांडलं होतं. त्याने समोरच्या टेकाडावर एल्ट्सच्या नाकावर टिच्चून दुसरा छोटा किल्ला बांधला आणि तिथून दगडगोळे फेकले. ट्रुट्सएल्ट्स हे त्याचं नाव, अवशेष अजून झाडीत उभे आहेत. सगळे मुख्य किल्ल्याचे फोटो काढून परत फिरतात. दहा मिनिटं वर चढून त्या पडक्या भिंतीतून खाली बघा, वेढा घालणाऱ्याला एल्ट्स कसा दिसत असेल ते कळतं.

राईनवर मार्क्सबुर्ग चुकवू नका. ब्राउबाख गावाच्या डोक्यावर आहे. मधल्या राईनच्या डोंगरी किल्ल्यांत कधीच उद्ध्वस्त न झालेला हा एकटाच. आत घोड्यांसाठी खडकात खोदलेल्या पायऱ्या आहेत, पावसात जपून. जर्मन किल्ल्यांच्या जतनासाठी १८९९ मध्ये एक संस्था निघाली, तिने पुढच्याच वर्षी १००० मार्कांना हा विकत घेतला. तिचं मुख्यालय आजही इथेच. मार्च १९४५ मध्ये पलीकडच्या काठावरून अमेरिकी तोफांनी छपराची चाळण केली होती, तेही पुन्हा घातलं.

अनुस्वार

थोडं वेगळं मत मांडतो. हे माझं वैयक्तिक मत. राईनवरून बोटीने जाताना दिसणारे निम्मे 'मध्ययुगीन' किल्ले एकोणिसाव्या शतकातले आहेत. कोब्लेन्झजवळचा श्टोल्त्सेनफेल्स घ्या. फ्रेंचांनी जाळलेला पडका किल्ला. कोब्लेन्झ शहराने १८२३ मध्ये तो प्रशियाच्या युवराजाला भेट दिला, म्हणजे दुरुस्तीचा खर्च गळ्यात घातला. त्याने तो पिवळसर रंगाचा, चर्या-मनोऱ्यांचा नवा कोरा करून घेतला आणि १८४२ मध्ये वास्तुप्रवेशाला सगळे पाहुणे जुन्या काळचे पोशाख घालून मशाली घेऊन चढले. त्याला किल्ला म्हणायचं की नाटकाचा सेट?

पायपीट

@अनुस्वार, सेट म्हणा, पण आतून पाहिलात का? लाकडी जमिनीला ओरखडे पडू नयेत म्हणून बुटांवरून चढवायला लोकरी नमद्याच्या सपाता देतात. सगळ्यांना एकच भलं मोठं माप. आमच्या गटात एक रुबाबदार जर्मन काका होते, टाय वगैरे लावलेले. पहिल्या दालनात ते शिस्तीत पावलं टाकत होते. तिसऱ्या दालनापर्यंत हात मागे बांधून, गाईडची पाठ वळली की, चक्क घसरत चालले होते. त्यांच्या बायकोने "हाइन्झ!" म्हणून दटावलं तेव्हा थांबले. फुकटात जमीन पुसून मिळते ती वेगळीच.

खोटेपणाचं म्हणाल तर हा वाद जर्मनांत शंभरहून अधिक वर्षं जुना आहे. हायडेलबर्गच्या किल्ल्याचं एक दालन १९०० च्या सुमारास नव्यासारखं करून झालं होतं, आता शेजारचं घ्यायचं ठरत होतं. तेव्हा गेओर्ग डेहिओ या कला-इतिहासकाराने विरोध केला. जे आहे ते जपा, नव्याने रचू नका, असं त्याचं म्हणणं. तो जिंकला आणि ते दालन आजतागायत बिनछपराचं आहे. दोन्ही शेजारी शेजारी उभी आहेत, एकदा ऊन्हात जाऊन तुलना करा. मला स्वतःला पडकं दालन आवडतं, पण ते शहरात आहे आणि लोक बघायला येतात म्हणून टिकलंय. आडगावात छप्पर गेलं की पन्नास वर्षांत भिंती जातात.

टकमक

अवांतर: जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या ज्या अधिवेशनात आपले बारा किल्ले (अकरा महाराष्ट्रातले आणि जिंजी) जागतिक वारशात गेले, त्याच अधिवेशनात लुडविगचे राजवाडेही गेले, नॉयश्वानश्टाईन धरून. एका यादीत रायगड आणि ते कॅलेंडर! इथल्या ऑफिसात मी दोन्ही फोटो शेजारी लावलेत. सहकारी विचारतात, तुमच्याकडच्या किल्ल्याला छप्पर का नाही? काय काय सांगणार.

मनीमाऊ

मी पुढच्या वर्षी आईबाबांना घेऊन येते आहे. आईचे गुडघे दुखतात, तिला चढ नको. सोबत सात वर्षांचा मुलगा, त्याला तलवारी हव्यात. दोघांना जमेल असं काही आहे का? की एकाला कॅफेत बसवून जायचं?

ओटीवरची

मनीमाऊ, सरळ म्युन्स्टरलांड गाठ, म्हणजे म्युन्स्टर शहराभोवतीचा मुलूख. मी तिथेच राहते. इथे डोंगर नावालाही नाही, सपाट शेतं आणि मका. आता डोंगर नसेल तर किल्ला सुरक्षित कसा करायचा? पाण्यात बांधायचा. म्हणून हे सगळे पाणकिल्ले, सगळीकडे खंदक आणि पूल. शंभर किल्ल्यांचा सायकलमार्गच आहे, साधारण ९६० किलोमीटरचा. सगळा करायची गरज नाही, वीस किलोमीटरमध्येही तीन-चार होतात.

ल्युडिंगहाउसेनचा फिशरिंग किल्ला बघ. १२७१ मध्ये म्युन्स्टरच्या बिशपने बांधायला घेतला. एका बेटावर गोठे-कोठारं, दुसऱ्या बेटावर घोड्याच्या नालासारखं वळलेलं मुख्य घर, मध्ये पूल. तुझ्या लेकासाठी संग्रहालयात सोळाव्या शतकातला एक लोखंडी गळपट्टा आहे, आतल्या बाजूने खिळे असलेला. इस्टेटीच्या भांडणात एका सरदाराने दुसऱ्याच्या गळ्यात तो अडकवला होता, काढायला म्युन्स्टरच्या लोहाराकडे जावं लागलं. आमचा चिरंजीव त्या काचेसमोरून अर्धा तास हलला नव्हता.

एक गोष्ट आमच्या शेजारच्या आजोबांनी दाखवली. ते सुतार होते. खंदकाच्या पाण्याच्या रेषेकडे बोट दाखवून म्हणाले, "पाणी कमी झालं की घर मरतं." मला आधी कळेना. या दलदलीच्या जमिनीत असे वाडे पुष्कळदा ओकच्या खुंटांवर उभे असतात. ते खुंट पाण्याखाली आहेत तोवर शतकानुशतकं कुजत नाहीत. पाणी उतरून त्यांना हवा लागली की सडायला सुरुवात. खंदक शत्रूसाठी होता, आता तो पायासाठी राखतात. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आजोबा रोज सायकलवरून पाणी बघून यायचे.

आईसाठी नोर्डकिर्शेन. सपाट बाग, सरळ रस्ते, जागोजागी बाकडी. याला वेस्टफालियाचं, म्हणजे या भागाचं, व्हर्साय म्हणतात (व्हर्साय म्हणजे फ्रेंच राजांचा भव्य राजवाडा). एवढ्या भपक्यात आज कोण राहतं? करखात्याची पोरं! राज्याचे कर अधिकारी तिथे शिकतात. सोनेरी नक्षीखालून दप्तरं घेऊन विवरणपत्रांच्या तासाला जातात. माझ्या मते ते घर वाचलं ते याच कारणाने.

आणि वेळ उरला तर ह्युल्सहोफ. कवयित्री आनेट फॉन ड्रोस्ट-ह्युल्सहोफ १७९७ मध्ये इथे जन्मली. जुन्या २० मार्कांच्या नोटेवर तिचा चेहरा होता.

मनीमाऊ

ओटीवरची ताई, खूप खूप धन्यवाद! खिळ्यांचा पट्टा आत्ताच सांगितला, रात्रभर झोपणार नाही आता तो.

अडकित्ता

गाईड सांगतात त्यातलं निम्मं सोडून द्यायला शिका, एवढंच सांगायला आलो. तीन नमुने.

पहिला, गोल जिना उजवीकडे वळत वर जातो कारण वरून लढणाऱ्याचा उजवा हात मोकळा राहतो. प्रत्येक किल्ल्यात हे ऐकलं. मग ज्या किल्ल्यांत जिने डावीकडे वळतात तिथे काय सगळे डावखुरे होते? हल्लीचे अभ्यासक या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत.

दुसरा, उकळतं तेल. अहो, तेल किती महाग! दगड फुकट होते. फार तर गरम पाणी.

तिसरा, बेर्गफ्रीड, म्हणजे मुख्य मनोरा. त्याचं दार जमिनीपासून चांगलं उंचावर असतं, शिडी वर ओढून घेतली की झालं, हे खरं. पण तळमजल्याच्या छतातलं भोक दाखवून "इथून कैद्याला खाली सोडत" म्हणतात ना, त्याला 'भीतीचं भोक' हे नाव एकोणिसाव्या शतकात चिकटलं. बहुतेक ठिकाणी खाली धान्य, दगड नाहीतर अडगळ असणार. काळोखी कोठार बघायला कोण पैसे देईल? अंधारकोठडी म्हटलं की देतात.

खुळा_फिरस्ता

@अडकित्ता, हाहाहा. पण होर्नबेर्गच्या सरदार ग्यॉट्स फॉन बेर्लिशिंगेनचा लोखंडी हात तरी खरा आहे ना? १५०४ मध्ये लान्ड्सहूटच्या लढाईत त्याचा हात गेला आणि त्यानंतर अठ्ठावन्न वर्षं तो लोखंडी हात लावून जगला. नेकार नदीवरचा होर्नबेर्ग हे त्याचं राहतं ठिकाण, तिथे मनोऱ्यावर चढता येतं आणि खाली द्राक्षमळे. हात मात्र याग्स्टहाउसेनला आहे. बोटांच्या पेरांना खाचा आणि खटके आहेत.

अडकित्ता

हात खरा. तो मान्य.

शिळोप्याची

भारतीय दुवा शोधणाऱ्यांसाठी: झॅक्सनीतलं कोल्डिट्स. छोटं गाव, डोक्यावर अवाढव्य किल्ला. दुसऱ्या महायुद्धात पळून जाण्यात पटाईत असलेल्या दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांना इथे डांबायचे. त्यांच्यात एकच भारतीय होते, लष्करी डॉक्टर बिरेंद्रनाथ मुजुमदार. बरोबरच्या ब्रिटिशांचाही त्यांच्यावर भरवसा नव्हता. भारतीय कैद्यांच्या छावणीत पाठवा म्हणून त्यांनी उपोषण केलं, मागणी मान्य झाली, आणि पुढे तिथून निसटून ते स्वित्झर्लंडला पोचले. ज्या किल्ल्यातून भलेभले सुटू शकले नाहीत तिथून हा माणूस न जेवता बाहेर पडला.

त्याच किल्ल्याच्या माळ्यावर कैद्यांनी लपून एक ग्लायडर बांधलं होतं. पंखांना अंथरुणाच्या खोळींचं कापड, आणि ते ताणून बसावं म्हणून शिजवलेल्या भरडधान्याची खळ. उडायची वेळ आली नाही, त्याआधीच युद्ध संपलं.

राहायचं असेल तर बऱ्याच किल्ल्यांत युथ हॉस्टेलं आहेत, स्वस्त आणि झकास. आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमचं युथ हॉस्टेल १९१० च्या दशकात एका शाळामास्तरांनी काढलं, त्या जुन्या खोल्या आता संग्रहालय आहेत. आम्ही राईनवर बाखाराखच्या श्टालेक किल्ल्यात राहिलो. बंकबेड, घंटेला जेवण, आणि खिडकीतून खाली नदी. चादर स्वतः घालायची आणि निघताना स्वतः काढून द्यायची, नाहीतर बोलणी खाल.

मनीमाऊ

माझी एक फजिती सांगते. गेल्या खेपेला ब्रांडेनबुर्गच्या एका खेड्यात लिंडेनच्या झाडांची रांग दिसली, टोकाला पांढरी गढी, फाटक सताड उघडं. मी आणि नवरा शिरलो की आत. फोटो काढले, खिडकीला नाक लावून आत डोकावले. आत एक बाई नाश्ता करत होत्या! झारी हातात घेऊन बाहेर आल्या आणि फाटकाकडे बोट दाखवलं. वेलीत बुडालेली पाटी होती, 'प्रिवाट', म्हणजे खासगी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खजील होऊन माफी मागितली तर म्हणाल्या, सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी या, तेव्हा दाखवते.

पायपीट

बाईंनी बरोब्बर दिवस सांगितला. तो देशभराचा 'खुल्या वास्तूंचा दिवस', १९९३ पासून चालू आहे. एरवी बंद असलेली खासगी घरं, मनोरे, गिरण्या उघडतात आणि बहुतेक वेळा मालक स्वतः दाखवतात. माझ्या मते वर्षातल्या सगळ्या तिकिटांपेक्षा तो एक रविवार भारी. बाकी दिवशी निघण्याआधी वेळा बघा: सोमवारी बरेच बंद, एल्ट्ससारखे तर सबंध हिवाळा बंद, आणि उन्हाळी शनिवारी कुणाचं तरी लग्न.

माजघर

गढ्यांचा विषय निघालाच आहे तर मेक्लेनबुर्गबद्दल लिहिते. जरा लांबेल.

उत्तरेकडच्या त्या राज्यात म्हणजे मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्नमध्ये अशी दोन हजारांवर घरं आहेत. गुट्सहाउस म्हणजे शेतीवाडीच्या मालकाचं घर. आपली गढी, पण तट नसलेली. १९४५ मध्ये रशियन अमलाखाली १०० हेक्टरांहून मोठ्या सगळ्या जमिनी काढून घेतल्या. घोषणा होती, युंकरांची (बड्या जमीनदारांची) जमीन शेतकऱ्यांच्या हाती. मालक पळाले किंवा हाकलले गेले, घरांत पूर्वेकडून आलेली निर्वासित कुटुंबं भरली, खोलीला एक कुटुंब. पुढे त्याच घरात कुठे बालवाडी, कुठे ग्रामकचेरी, कुठे किराणा. १९९० ला देश एक झाला तरी १९४५ ते ४९ मधल्या त्या जप्त्या उलटवल्या नाहीत. बालवाडी बंद पडली, दुकान बंद पडलं, आणि घरं रिकामी. जमीन वेगळी विकली गेल्यामुळे घराला उत्पन्न काही नाही. नुसतं तीस खोल्यांचं छप्पर.

आम्ही दोन वर्षांपूर्वी अशा एका घरात चार दिवस राहिलो. हांबुर्गच्या एका जोडप्याने ते घेतलंय, नोकऱ्या सोडून. दोन मजले झाले, बाकीचे बंद. जिन्याखाली भिंतीला खांद्याइतक्या उंचीपर्यंत फिकट निळा ऑइलपेंट आहे, बालवाडीच्या वेळचा. त्याखाली माझ्या मांडीएवढ्या उंचीवर खुंट्यांची रांग, प्रत्येक खुंटीवर चित्र: बदक, छत्री, सफरचंद, आगगाडी. मालकीणबाई म्हणाल्या, खरवडायला माणूस बोलावला होता, तेवढ्यात गावातली साठीची बाई आली आणि छत्रीवर बोट ठेवून म्हणाली, "ही माझी." खरवडणाऱ्याला परत पाठवलं. वरच्या दालनात जुन्या मालकांचं राजचिन्ह छतावर आहे, तेही तसंच. मला खुंट्या जास्त आवडल्या.

तिसऱ्या रात्री धो धो पाऊस. दोनच्या सुमारास टप टप टप. दार उघडलं तर मालक झोपेच्या कपड्यांत, कपाळाला बॅटरी बांधून, बोळात बादल्या मांडत होते. मला वाटलं वैतागले असतील. तर म्हणाले, "पहिल्या वर्षी अकरा लागायच्या. आज चार." आणि पाचवी हातात होती ती परत घेऊन गेले.

अनुस्वार

माजघर, काय लिहिलंत! या घराचा श्टोल्त्सेनफेल्स केला नाही त्यांनी, हे फार आवडलं. पत्ता मिळेल का? आम्ही ऑगस्टमध्ये बाल्टिकला जातोय, वाटेत दोन दिवस काढू. चौघे आहोत.

माजघर

व्यक्तिगत निरोप केला आहे. गाडी असेल तरच जा, बस शाळेच्या वेळेलाच असते आणि ऑगस्टमध्ये शाळा असतेच असं नाही. शाकाहारी असाल तर आधी कळवा, नाहीतर तीन वेळा बटाटे. आणि रात्री बोळातून जाताना पायाखाली बघा, दिवा जिन्यापाशी संपतो. मी दोनदा बादली लाथाडली आहे.